खालच्या आडव्या रेघेची थकबाकी

मेसेज आला तेव्हा मी वावरात होतो. पऱ्हाटीत डवरे चालू होते, आणि आमच्या शिवारात धुऱ्यावर उभं राहिलं तरच मोबाइलला रेंज मिळते, म्हणून मी धुऱ्यावर. इंग्रजीत होतं. तुमचा परतावा जुन्या थकबाकीत वळता करण्याचं ठरतंय, असा काहीसा अर्थ. वाचला आणि पुसून टाकला. महिनाभरापूर्वीच गावातल्या एकाचे ‘आज रात्री वीज कापली जाईल’ अशा मेसेजपायी चौतीस हजार गेले होते. आयकराच्या नावाने आलेला मेसेज मला त्याचाच भाऊ वाटला.

दोन दिवसांनी रिटर्न भरून देणाऱ्या पोराचा फोन आला.

“गुरुजी, तुमचा रिफंड अटकला. तुमच्यावर जुनी डिमांड हाय म्हनते. सोळा-सतराची.”

“केवढी?”

“नऊ हजार पाचशे चाळीस. अन् त्याच्यावर व्याज आठ हजार सातशे चाळीस.”

मी जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक. पेन्शन आणि निवृत्तीच्या पैशांची मुदत ठेव, एवढंच उत्पन्न. ठेवीच्या व्याजावर बँकेने १० टक्क्यांनी १४,६०० रुपये आधीच कर म्हणून (टीडीएस) कापले होते, कारण ‘मला कर लागत नाही, कापू नका’ असं बँकेला लिहून द्यायचा पंधरा-जी फॉर्म वेळेवर द्यायचा माझ्याकडून राहून गेला. एकूण उत्पन्न सात लाखांच्या आत, त्या वर्षीच्या नव्या पद्धतीत कर शून्य, म्हणजे ते सगळे १४,६०० परत यायला हवे होते. त्या पैशांत विहिरीवरच्या मोटारीचं वाइंडिंग करायचं ठरलं होतं. आता ते तर येणार नव्हतेच, उलट हिशेब करता माझ्याकडेच साडेतीन हजारांवर निघत होते.

आयकराच्या तेव्हाच्या, १९६१ च्या कायद्यात कलम २४५ होतं. तुमचं त्यांच्याकडे येणं असेल आणि त्यांचंही तुमच्याकडे काही निघत असेल, तर ते परस्पर वळतं करता येतं. पण आधी तुम्हाला कळवावं लागतं आणि उत्तराला मुदत द्यावी लागते. ती तेव्हा २१ दिवसांची होती. मी पुसून टाकलेला मेसेज म्हणजे तेच कळवणं होतं. त्यातले दोन दिवस माझ्या शहाणपणात गेले.

गावात ज्याला सांगावं तो म्हणे, “गुरुजी, ते तं माफ झालं ना!” बातमी खरी होती, पण अर्धी. २०२४ च्या फेब्रुवारीतल्या अंतरिम अर्थसंकल्पात जुन्या किरकोळ मागण्या रद्द करायची घोषणा झाली होती: २००९-१० या आर्थिक वर्षापर्यंतच्या २५ हजारांपर्यंत आणि २०१०-११ ते २०१४-१५ मधल्या १० हजारांपर्यंत. माझी मागणी दहा हजारांच्या आतलीच होती. पण पोरगा ‘सोळा-सतरा’ म्हणत होता ते आकारणीचं वर्ष. आर्थिक वर्ष त्याच्या आधलं, २०१५-१६. माफी संपली त्याच्या दुसऱ्याच वर्षाचा मी. आमच्या केंद्रातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांचे २०१२-१३ चे सहा हजार काही न करता पुसले गेले. ते मला पारावर भेटले की मुद्दाम तब्येत विचारायचे.

मला खरं मार्गी लावलं ते माझ्या एका विद्यार्थिनीने. चौथीत माझ्याकडे होती, आता अमरावतीला एका सीएकडे आर्टिकलशिप करते. तिने फोनवर पहिला प्रश्न विचारला, “गुरुजी, पोर्टलवर ईमेल कोणाचा आहे?” माझा नव्हताच. त्या वर्षी तालुक्यातल्या एका कॉम्प्युटरवाल्याने आम्हा बारा-पंधरा मास्तरांची रिटर्न एकगठ्ठा भरली होती, शंभर-शंभर रुपयांत, आणि सगळ्यांना स्वतःचाच ईमेल लावून दिला होता. मागणीची पहिली सूचना नोव्हेंबर २०१६ मध्ये निघाली होती. ती त्याच्या पेटीत जाऊन पडली. त्याचं दुकान कधीच उठलं, आता तिथे चिकन सेंटर आहे. तीस दिवसांत भरणा नाही म्हणून त्यानंतर दर महिन्याला एक टक्का चढत गेला. मीटर चालू होतं आणि ज्याच्या नावावर मीटर तो चौथीला अपूर्णांक शिकवत होता.

आधारच्या ओटीपीवर पासवर्ड बदलला, ईमेल-मोबाइल माझा लावला. मग तिने फोनवरून एकेक पायरी सांगितली. थकबाकीला उत्तर द्यायच्या पानावर मागणी मान्य की अमान्य ते विचारतात. अमान्य केलं तर किती रक्कम आणि का, तेही. “गुरुजी, काहीच उत्तर दिलं नाही तर मान्य आहे असंच धरतात. अन् ‘मागणी चुकीची आहे पण वळती करायला हरकत नाही’ असाही एक पर्याय दिसेल, तिथे चुकूनही बोट लावू नका.” तिथे बोट लावणारे भाबडे लोक किती असतील, असा विचार तेव्हा आला, कारण पटकन पाहता तो सभ्य माणसाचा पर्याय वाटतो. मी ‘अमान्य, पूर्ण रकमेस’ भरलं, कारण लिहिलं, फॉर्म सोळा (पगारातून किती कर कापला त्याचा कार्यालयाचा दाखला) जोडला. सतराव्या दिवशी. एवढ्याने परतावा वळता होणं थांबलं. मिळाला मात्र नाही, लटकून राहिला.

आता मूळ दुखणं. २०१५-१६ मध्ये माझ्या पगारातून १८,५४० रुपये कापले गेले होते: अकरा महिने हजार-हजार आणि शेवटच्या पगारातून एकदम ७,५४०. नोकरदार मास्तराला फेब्रुवारीचा पगार कसा येतो ते माहीत आहे, सगळी कर्जं त्या महिन्यात आठवतात. कार्यालयाने दिलेल्या फॉर्म सोळावर पूर्ण १८,५४० होते, सही होती, गोल शिक्का होता. पण तो फॉर्म बाबूने एक्सेलमध्ये बनवलेला होता. आयकराच्या खात्यात आपल्या नावावर किती जमा आहे ते दाखवणारा तक्ता वेगळा असतो, सव्वीस-एएस. तो मी नोकरीच्या तीस वर्षांत उघडून पाहिला नव्हता. त्यात ९,००० होते. पहिल्या तीन तिमाह्या बरोबर, चौथी गायब. हजार, हजार आणि ७,५४०, मिळून बरोबर ९,५४०.

म्हणजे पैसे माझ्या पगारातून गेले होते आणि माझ्या नावावर पोचले नव्हते. मधे कुठे राहिले, एवढंच शोधायचं होतं.

माझा पगार ज्या कार्यालयातून निघायचा तिथे गेलो. मी तिथे होतो तेव्हाचा बाबू बदलून गेला होता. नवा बाबू पोरगेलासा, स्वभावाने वाईट नाही, पण त्याच्या टेबलावर शाळांची इतकी देयकं साचलेली की माझं २०१५ त्याला सम्राट अशोकाच्या काळातलं वाटलं असावं. “सर, ते रेकॉर्ड आता कुठं भेटन? तवाचा टीडीएसवाला पन बदलला.” अर्ज द्या म्हणाला. दिला. ऑक्टोबरात गेलो तर म्हणाला साहेबांची सही बाकी आहे. सोयाबीनच्या सोंगणीत माझेही पंधरा दिवस गेले. मग विधानसभेची आचारसंहिता लागली आणि अख्खं कार्यालय निवडणुकीच्या प्रशिक्षणाला. दिवाळीनंतर एकदा गेलो तर व्हरांड्यात शिपाई एकटा बसलेला. “गुरुजी, आता निकालाच्या बादच या,” म्हणाला. निकाल २३ नोव्हेंबरला लागले.

घरी बायको हिशेब मांडत होती. “चकरा मारून मारून नऊ हजार तं एसटीलेच देऊन रायले तुमी. त्यापेक्षा मले पाठवा, मले अर्धं तिकीट लागते.” हे ती गमतीत म्हणाली, पण पुढच्या खेपेला खरोखरच सोबत आली.

तोवर अमरावतीच्या पोरीने मला एक गोष्ट शिकवून ठेवली होती. पगारातून कापलेल्या कराचं तिमाही विवरण, चोवीस-क्यू, कार्यालयाला भरावं लागतं. त्यात एखाद्याचा पॅन चुकला किंवा नसलाच तर कायदा असं धरतो की २० टक्क्यांनी कपात व्हायला हवी होती. माझा त्या तिमाहीचा पगार दीड लाखाच्या घरात. त्याचे २० टक्के तीस हजार. म्हणजे कार्यालयाच्या नावावरही वीस हजारांवर कमी कपात आणि त्यावर व्याज निघालेलं असणार. हे मी बाबूला डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, बायकोसमोर, अगदी शांतपणे सांगितलं. तो पहिल्यांदा खुर्चीत सरळ बसला.

“आमच्यावर निघन?”

“पाहून तर घ्या.”

कार्यालयाच्या टीडीएसच्या लॉगिनचा पासवर्ड एका जुन्या हजेरीपटाच्या पुठ्ठ्यावर लिहिलेला सापडला. चौथी तिमाही उघडली. तिथे खरंच होतं, लाल अक्षरात. मग त्याने कपाटावरून धुळीने माखलेली नोंदवही काढली, जिच्यावरून त्या वेळी टीडीएसवाल्याला माहिती दिली गेली होती. माझं नाव सापडलं. पॅनचं अक्षर न् अक्षर आम्ही लावून पाहिलं, तो मोठ्याने वाचतोय आणि मी कार्डावर बोट ठेवतोय, दोन पोरं पाढे म्हणतात तसं. पाच अक्षरं बरोबर. चार आकडे बरोबर. शेवटचं अक्षर माझ्या कार्डावर ‘ई’. नोंदवहीतही ‘ई’च होता, पण निळ्या शाईत घाईने काढलेला, आणि खालची आडवी रेघ पानाच्या छापील ओळीवर नेमकी बसून गेली होती. उजेडाकडे तिरपी धरली की दिसायची, सरळ धरली की ‘एफ’. टीडीएसवाल्याने सरळ धरली असणार. पहिल्या तीन तिमाह्यांत बरोबर टाइप झालं आणि चौथीत नवीन माणूस आला असेल, किंवा त्याच माणसाचे डोळे थकले असतील. पॅनचं शेवटचं अक्षर हे पडताळणीचं अक्षर असतं, त्यामुळे ‘एफ’वाला तो पॅन दुसऱ्या कोणाचा नव्हता. कोणाचाच नव्हता. चलान वेळेवर भरलेलं, पैसे सरकारजमा, आणि माझे ९,५४० आठ वर्षं जगात नसलेल्या माणसाच्या नावावर पडून.

तीस वर्षं मी पोरांच्या वह्यांत ‘अक्षर सुधारा’ असा शेरा मारला. असो.

दुरुस्तीचं विवरण भरायचं ठरलं. आताचा टीडीएसवाला त्याचे पाचशे मागत होता आणि कार्यालयाकडे ‘अशी तरतूद नाही’ होती. मी दिले. चूक त्यांची, पाचशे माझे, हे पटलं नाही, आजही पटत नाही. पण २०१५-१६ सारख्या जुन्या वर्षांची अशी दुरुस्ती ३१ मार्च २०२५ पर्यंतच होणार होती, त्यानंतर खिडकी कायमची बंद. तत्त्वासाठी भांडायला तेवढा वेळ नव्हता. दहा-बारा दिवसांत सव्वीस-एएसमध्ये चौथी तिमाही उगवली. १८,५४०. मी तो कागद सेतूवाल्याकडून दोनदा छापून घेतला.

मला वाटलं संपलं. पण तक्ता दुरुस्त झाला म्हणून जुना हिशेब आपोआप दुरुस्त होत नाही. ज्या आदेशाने मागणी निघाली तो २०१६ चा आदेश कलम १५४ खाली दुरुस्त करून घ्यावा लागणार होता. संक्रांत झाली आणि मी जिल्ह्याच्या गावी आयकराच्या कार्यालयात गेलो. सकाळी सहाच्या एसटीने निघालो, स्टँडवर तर्री-पोहे खाल्ले, अकराला टेबलासमोर. तिथल्या माणसाने सगळे कागद नीट पाहिले, हे कबूल केलं पाहिजे. मग म्हणाला, “गुरुजी, तुमचं बरोबर आहे. पण आदेश नोव्हेंबर २०१६ चा. ते आर्थिक वर्ष संपल्यापासून चार वर्षं. मुदत ३१ मार्च २०२१ ला संपली. आता आम्ही हात लावू शकत नाही.”

“पण पैसे तर माझ्या पगारातून कापलेत ना?”

“हो.”

“मग परत कसे मागता?”

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. कायद्यात याचं उत्तर माझ्याच बाजूचं आहे, हे मला तोवर माहीत झालं होतं: कलम २०५. जेवढा कर उगमस्थानी कापला गेला तेवढा त्याच माणसाकडून पुन्हा मागता येत नाही. शिवाय तक्त्यात मेळ नसला तरी करदात्याने कपातीचं प्रमाणपत्र आणलं तर पडताळून जमा द्या, अशी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची ८ जुलै २०१३ ची सूचनाच आहे. मी दोन्हींच्या झेरॉक्स पुढे केल्या. तो म्हणाला, हे ठीक, पण मला संगणकात आदेश करायला मुदतीतला अर्ज लागतो.

तेव्हा मला ते आठवलं. २०१९ च्या उन्हाळ्यात पोस्टाने एक पत्र आलं होतं, थकबाकीचंच. मी त्याच कार्यालयात येऊन साध्या कागदावर अर्ज दिला होता. ‘होऊन जाईल’ म्हणाले होते. मग कोरोना, मग निवृत्ती, मी विसरलो आणि तेही विसरले.

“दिला होता मी अर्ज. २०१९ ला.”

“पोच आहे?”

मला काय सांगता येत होतं? आमच्याकडे कागद जपायची रीत म्हणजे एक लोखंडी पेटी. सातबारे, पोरांच्या टीसी, खताच्या पावत्या, सगळं त्यातच. दोन दिवस मी आणि बायको पेटी उपसत बसलो. आयकराच्या फायलीत नव्हती. पेन्शनच्या फायलीत नव्हती. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, “त्या साली तुमी जिल्ह्याले कायले गेलते? पोरीच्या पत्रिका छापाले गेलते ना?” लग्नाच्या खर्चाची पिशवी वेगळी, तिच्या माहेरच्या पितळी डब्यात. मंडपवाल्याची चिठ्ठी, आचाऱ्याचा हिशेब, आणि पत्रिकावाल्याच्या बिलाला टाचणीने लावलेला माझा अर्ज. टाचणी गंजून कागदाला तांबडा डाग पडलेला. वर जांभळा आवक शिक्का, आत तारीख हाताने: २१ जून २०१९. शिक्क्यावर कोणाची तरी लपेटदार सही.

ती पोच घेऊन फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी पुन्हा सहाची एसटी. या वेळी अमरावतीच्या पोरीने अर्जाचा मसुदा करून दिला होता, अडीच ओळींचा. अर्ज मुदतीत आलेला असेल तर त्यावर सहा महिन्यांत निर्णय द्यायचा, हे कलम १५४ मध्येच होतं. आणि वेळेत आलेला अर्ज खात्याकडे पडून राहिला म्हणून मुदतबाह्य होत नाही, तो नंतरही निकाली काढता येतो, असं १९७२ चं ७३ क्रमांकाचं परिपत्रक आहे. माझ्या शाळेत पहिलीचा हजेरीपट टिकत नाही आणि हे लोक १९७२ चा कागद टिकवून आहेत, याचं मला कौतुक वाटलं. टेबलामागच्या माणसाने शिक्का निरखून पाहिला. “आमचाच आहे,” म्हणाला, आणि हसला. आत जाऊन साहेबांना दाखवून आला. मी नव्या अर्जाचीही पोच मागितली तेव्हा शिपाईसुद्धा हसला. मी घेतली. तारीख नीट उमटली नव्हती म्हणून पुन्हा मारून घेतली.

आदेश २० फेब्रुवारीला ईमेलवर आला. माझ्या स्वतःच्या ईमेलवर. मागणी शून्य, म्हणून तिच्यावरचं व्याजही शून्य. आठवड्यात खात्यात १५,४०३ रुपये जमा झाले. वरचे ८०३ म्हणजे त्यांनी मला दिलेलं व्याज, महिन्याला अर्धा टक्का, अकरा महिन्यांचं. माझ्याकडून मागताना एक, मला देताना अर्धा. आणि हे ८०३ पुढच्या रिटर्नमध्ये उत्पन्न म्हणून दाखवायचे, असं पोरीने लगेच बजावलं.

मोटारीचं वाइंडिंग झालं. पण त्या लाल अक्षरांच्या यादीत मी माझ्याशिवाय आणखी तीन नावं पाहिली होती. तिघेही त्या काळचे मास्तर, दोघे आता निवृत्त. बाबूने फक्त माझी ओळ दुरुस्त केली होती, बाकीच्यांनी अर्ज दिला तर करू म्हणाला. एकाचा नंबर मिळवून मी १ मार्चला फोन लावला. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे, दूरच्या केंद्रातले, ओळख नाही.

“सर नमस्कार, ते तुमच्या पॅन कार्डाबद्दल बोलायचं होतं. तुमच्यावर आयकराची डिमांड असेल बहुतेक, ३१ मार्चच्या आत...”

“पॅन नंबर सांगू का मंग? का ओटीपी पन देऊ?” ते म्हणाले, आणि फोन ठेवून दिला. पुन्हा लावला तर नंबर ब्लॉक.

त्यांच्या गावचा बाजार गुरुवारी असतो. सकाळी साडेसातची एसटी आहे. बायको म्हणाली, मी पण येते.